डोंगर दिला

ग्रामसभेत आता भाषणं होत नसत. खाणीचा अवघड विषय समजावा म्हणून खाण कंपनीचे साहेब प्रत्येकाला आभासी चित्रांचा चष्मा लावून गोष्ट दाखवत, आणि त्याचा होकार-नकार त्या गोष्टीतच नोंदवून घेत.

सक्रूबाईने खाणीसाठी डोंगर द्यायला 'नाही' म्हटलं. लगेच गोष्टीतला, खाणीच्या पैशावर चालणारा दवाखाना बंद पडला आणि तिची नात तापाने गेली. चेहरा, आवाज हुबेहूब नातीचाच.

"पोरीले काऊन मारता जी?" ती ओरडली.

"आजी, गोष्ट आहे ती. पुन्हा निवडा," साहेब हसून म्हणाले.

तिने पुन्हा 'नाही' म्हटलं. नात पुन्हा गेली. मग मात्र ती 'हो' म्हणाली.

चष्मा काढून ती घरी धावली. "बरी हायेस ना वं?"

"मले का झालं?" अंगणात खेळणारी नात हसली.

सक्रूबाईने वळून डोंगराकडे पाहिलं. डोंगर देऊन तिने धडधाकट पोर वाचवली होती.