टाकीतलं डांबर

नळाच्या पाण्याला डांबराचा वास येतो, असं मी म्हटलं की सासूबाईंचं ठरलेलं उत्तर यायचं, "हिला नाकाने कांदे सोलायची सवयच आहे." माळ्यावरची पत्र्याची टाकी गळायला लागली, तेव्हा सासऱ्यांनी स्वतः आत उतरून ती डांबराने लिंपली होती. त्यानंतर थेंब गळला नव्हता आणि त्यावर ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. लग्न होऊन आल्यापासून मी एकटीच भांडत होते. शेवटी कुणालाही न विचारता मी प्रयोगशाळेतून पाणी तपासणाऱ्या बाईंना घरी बोलावलं. त्यांनी नळाचं पाणी बाटलीत भरलं, झाकण लावून खळखळून हलवलं, मग झाकण उघडून नाक जवळ नेलं आणि झटक्यात मागे घेतलं. "अहो, हे डांबर आहे! पिता कसं तुम्ही?" सासऱ्यांनी बाटली हुंगली. "कुठाय वास?" नवऱ्याने हुंगून खांदे उडवले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बाटली हिसकावून नाकाला लावली आणि छाती भरून श्वास घेतला. पुन्हा घेतला. कसलाच वास आला नाही. "रोज तेच प्यायलं की नाक सरावतं," बाई हळूच म्हणाल्या. म्हणजे मी कधीपासून नुसती सवयीनेच भांडत होते, कोण जाणे! सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या. "झाली बाई एकदाची आपल्या घरची!" मी हातोडी घेतली आणि माळ्याची शिडी चढले.