कसोंदेची जागा

"आणि कसोंदे कधी येणार?" इनेकेनं विचारलं.

एक्झिल्डानं आंब्याखाली बसलेल्या माणसाकडे हनुवटीनं खूण केली. "हा काय, जेवतोय."

इनेके त्या माणसाकडे बघत राहिली. मग तिनं पिशवीतून फोटो काढला. किट्वे शहरातल्या खाणकामगारांच्या हॉलमधला, एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालचा. गिटार घेतलेला लोम्बे, माइकपाशी बावीस वर्षांची एक्झिल्डा आणि मागे ड्रमवर दाढीवाला कसोंदे. 'अमाब्वे' बँडचा एवढा एकच फोटो उरला होता. आंब्याखालचा माणूस जेमतेम पन्नाशीचा. तोंड गुळगुळीत, नखांत टायरचं काळं.

"हे ते नाहीत," इनेके हळूच म्हणाली.

"तोच आहे."

डिसेंबरात हॉलंडहून फिल्म बनवणाऱ्या इनेकेचं पत्र आलं होतं. तुमच्यापैकी आता कोण कोण आहे? एक्झिल्डानं नातीकडून उत्तर लिहून घेतलं, आम्ही तिघं आहोत. लोम्बे, कसोंदे आणि मी. त्या एका ओळीवर ही फिल्म उभी राहिली. जूनमध्ये तिकडे उट्रेख्टला कार्यक्रम ठरला. पोस्टरही छापून झालं: मूळचे तिघे, पन्नास वर्षांनी.

"कसोंदेला जाऊन अकरा वर्षं झाली," एक्झिल्डा शांतपणे म्हणाली. "सुतक संपलं तेव्हा त्याच्या बहिणीच्या मुलाला, या गुडसनला, चटईवर बसवलं. पाणी पाजलं. कसोंदेच्या ड्रमच्या काठ्या हातात दिल्या आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, आजपासून तू कसोंदे. मी तिथंच होते."

"म्हणजे ते वारले."

"वारला. पण माणसाची जागा रिकामी ठेवत नाहीत आमच्यात."

इनेके एका खोक्यावर बसली. "आजी, हे तुम्ही मला कळवायला हवं होतं."

"तू विचारलंस, कोण आहे. कोण गेलं ते कुठं विचारलंस?"

इनेकेनं आंब्याकडे मान वळवली. "तुम्हाला ड्रम वाजवता येतो?"

"टायर वाजवतो," तो घास गिळून म्हणाला. "काढतो, ठोकतो, परत बसवतो."

"तेव्हाही तसंच वाजवायचास," भिंतीला टेकून बसलेला लोम्बे म्हणाला. त्याचे डोळे तीन वर्षांपूर्वीच गेले होते. गिटार मात्र मांडीवर होती.

"तू गप रे लोम्बे. सकाळपासून तारा पिळतोयस, कोंबडी धरल्यासारखा आवाज येतोय."

पंचाहत्तरीच्या माणसाला तो अरे-तुरे करत होता आणि अंगणात कुणालाच त्याचं वावगं वाटत नव्हतं. तेवढ्यात कसोंदेची थोरली मुलगी हात धुवायला पाणी घेऊन आली. त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी होती ती. ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या हातांवर पाणी घालत म्हणाली, "बाबा, एवढंच जेवलात?"

इनेके हे बघत होती. मग तिनं चष्मा काढून पुसला, परत घातला.

"मला खोटं दाखवता येणार नाही," ती म्हणाली. "फोटोखाली मी लिहीन, कसोंदे, आणि ते गेले ते वर्ष. तुम्ही दोघं या. ड्रमवाला तिकडचा बघू."

लोम्बेची बोटं तारांवर थांबली. जूनशिवाय दुसरा विषय नसायचा त्याच्या तोंडी. रोज सकाळी तो एक्झिल्डाला विचारायचा, विमानात गिटार हातात घेऊ देतील ना? तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याला ते दिसणार नव्हतं, तरी तिला त्याच्याकडे बघून बोलवेना. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मग आम्ही दोघंही नको."

पलीकडच्या रस्त्यानं खाणीचा ट्रक गेला, त्याची धूळ अंगणात येऊन बसली.

"बरोबर आहे," लोम्बे म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता.

इनेके उठली. "निदान इथं एक गाणं म्हणा. एवढ्या लांबून आलेय."

तिच्या माणसांनी शहरातून भाड्यानं ड्रम आणला होता, तो व्हरांड्यात मांडलेला होता. गुडसननं हात पॅन्टला पुसले, आत जाऊन कसोंदेच्या काठ्या आणल्या आणि ड्रममागच्या स्टुलावर बसला. पाठ ताठ, काठ्या मांडीवर. लोम्बेला धरून आणून खुर्चीवर बसवलं. एक्झिल्डा दोघांच्या मध्ये उभी राहिली. जुनी सवय.

लोम्बेनं सुरुवात केली. आवाज गंजलेला होता, पण हात चुकले नाहीत. दुसऱ्या कडव्यानंतर चार ठोके एकट्या ड्रमचे. तिथं कसोंदे हमखास घाई करायचा. दर कार्यक्रमात एक्झिल्डा मागं वळून त्याच्यावर डोळे वटारायची आणि तो दाढीत हसायचा.

ती जागा आली. लोम्बेनं तारांवर तळवा ठेवला. एक्झिल्डा मागं वळली आणि तिनं डोळे वटारले.

गुडसननं काठ्या उचलल्या. पण मारल्या नाहीत. हवेतच धरून ठेवल्या. एक. दोन. तीन. चार. मग त्यानं मान किंचित लववली आणि एक्झिल्डानं पुढची ओळ उचलली.

इनेकेचा कॅमेरा इतका वेळ लोम्बे आणि एक्झिल्डावरच होता. तिनं तो तिपाईसकट उचलला, दोन पावलं मागं गेली, आणखी एक पाऊल गेली. तिघंही चौकटीत आले तेव्हा थांबली.

गाणं संपलं. लोम्बेनं ड्रमच्या दिशेनं तोंड वळवलं.

"कसोंदे," तो म्हणाला, "आज पहिल्यांदा घाई केली नाहीस."