तोंड इकडे

कंपाउंडरनं दोनदा नंबर पुकारला तरी आई जागची हलली नाही. शेवटी मुलीनं तिच्या खांद्याला हात लावला.

"आई, आपला नंबर आला."

"काय म्हणतेस? आपला नंबर आला?" आईनं शेजारी बसलेल्या साहेबांकडे, मुलीच्या बाबांकडे, वळून मोठ्यानं म्हटलं. मग साहेब उठले.

मुलगी मनातल्या मनात वैतागली. कुणी काहीही बोललं की आई ते वाक्य परत म्हणून दाखवायची. साहेबांना मात्र त्याचं कौतुकच होतं. जहाजावर हीच रीत, ते म्हणायचे. कप्तानानं आज्ञा दिली की सुकाणूवाला ती जशीच्या तशी परत म्हणतो आणि मगच चाक फिरवतो. घोळाला जागाच राहत नाही.

या बाबतीत साहेब भलतेच कडक. त्यांच्याशी बोलताना तोंड त्यांच्याकडेच हवं. एका तरुण अधिकाऱ्यानं समुद्राकडे बघत उत्तर दिलं, तर त्याला पुढच्याच बंदरात उतरवलं होतं. तेव्हापासून सगळे खलाशी त्यांना 'तोंडइकडे' म्हणायचे. अर्थात पाठीमागे. ते नाव साहेबांच्या कानावर कधीच गेलं नाही.

येत्या सोमवारी साहेब नौदलप्रमुख होणार होते. उभा जन्म बदल्यांत गेला होता, सामान बांधा आणि सामान सोडा. आनंदाची बातमी येऊनही दोघं दमल्यासारखी दिसत होती. मुलगी त्यासाठीच सासरहून आली होती. आईच्या कानांचं काम तिला एकदाचं मार्गी लावायचं होतं.

"सोमवारनंतर मोठमोठी माणसं तुझ्या शेजारी बसणार," जिना चढताना तिनं आईला बजावलं होतं. "प्रत्येकाला ओरडायला लावणार आहेस का? बाबांची शोभा होईल."

"बाबांची शोभा होईल," आई म्हणाली आणि पुढची पायरी चढली.

डॉक्टर वयानं बेताचे आणि हसतमुख होते. त्यांनी साहेबांचं अभिनंदन केलं, खुर्च्या दिल्या.

"बाईंना हा त्रास कधीपासून?"

"ही शाळेतही जात नव्हती तेव्हापासून," साहेबांनी मुलीकडे बोट दाखवलं. "मी तोफांच्या सरावावरून परत आलो, त्याच वर्षी हिच्या आईला ताप आला आणि कान गेले. तिच्याशी समोर बघून, सावकाश बोलावं लागतं."

"यंत्र बसवलं की सगळं सुरळीत होईल. साहेब, आलाच आहात तर तुमचेही कान बघून टाकू?"

"आमची तपासणी दरवर्षी होते," साहेब हसले. "आमचे डॉक्टर माझे जुने सोबती आहेत."

"मला यंत्र नको," आई म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

डॉक्टरांनी साहेबांना आणि मुलीला बाहेर बसायला सांगितलं. मधे मोठी काच होती. त्यांनी आईच्या कानांना तपासणीचं यंत्र लावलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आवाज बारीक झाले, मोठे झाले, अगदी कर्कश झाले. आई बटण धरून नुसती बसून राहिली.

डॉक्टर विचारात पडले. इतकी ठार बहिरी बाई आणि बोलणं इतकं स्वच्छ! तिच्या कानांवरचं यंत्र काढून ते कोपऱ्यातल्या बेसिनपाशी हात धुवायला गेले. नळ सोडला आणि पाठमोऱ्यानंच पुटपुटले, "पायाशी झुरळ आहे, बघा."

आईनं चटकन दोन्ही पाय वर घेतले.

डॉक्टरांनी नळ बंद केला. आईनं पाय हळूच खाली ठेवले. तिला लाज वाटली नाही. उलट, कुणाला तरी कळलं एकदाचं, म्हणून बरंच वाटलं.

"तुमचे कान ठणठणीत आहेत," डॉक्टर वळून म्हणाले.

"आहेत."

"मग इतकी वर्षं हे सोंग कशाला? सगळ्यांना घसा फोडायला लावून काय मिळालं तुम्हाला?"

"थकले हो मी," आई म्हणाली. "पण आता यांच्या निवृत्तीला दोन-तीनच वर्षं उरलीत. तेवढी निभावू द्या. यंत्राचा उपयोग होणार नाही असं लिहा."

"कुणासाठी लिहू?"

आईनं काचेकडे पाहिलं.

पलीकडे साहेब मासिक चाळत बसले होते. त्यांच्या पाठीमागे, चहाच्या मशीनपाशी मुलगी उभी होती. "बाबा, चहा घेणार का?" तिनं विचारलं. मग जरा चढ्या आवाजात, "बाबा, चहा?" तिसऱ्या वेळी ती इतक्या मोठ्यानं ओरडली की काचेच्या अलीकडे डॉक्टर दचकले.

साहेबांनी शांतपणे पान उलटलं.