बॅटरीचं पाणी

अकोल्याहून अमरावतीला निघालेली खुशालरावांची खुर्ची मूर्तिजापुरात येऊन नेमकी लेकीच्या फाटकासमोर बंद पडली. खुर्ची म्हणजे खरोखरची खुर्ची. लाकडी हातांची, आराम करायची. जठारपेठेतल्या एका वेल्डरनं तिला तीन चाकं जोडली होती, बुडाखाली ई-रिक्षाच्या जुन्या बॅटऱ्या बसवल्या होत्या आणि पुढं स्कूटीचं हँडल लावलं होतं. वर छत्री बांधायची कल्पना मात्र खुशालरावांची स्वतःची. गुडघ्यांनी एस.टी.ची पायरी नाकारल्यापासून अमरावतीच्या बहिणीकडं जाणं अडलं होतं, आणि कोणाच्या मिनतवाऱ्या करायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

रागिणी धावत बाहेर आली. "काय झालं बाबा?"

"काई नाई. गाडी दम खाऊन राहिली."

"मंग चार्जिंगले लाईन लावा. वऱ्हांड्यात बोर्ड हाय."

खुशालरावांनी आधी फाटकाकडं पाहिलं, मग वऱ्हांड्यातल्या बोर्डाकडं, आणि मिशीवरून हात फिरवला. रागिणीला सगळं कळलं. नातवंडाचं तोंड पाहिल्याशिवाय लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही त्यांच्या घरातली रीत. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, नातवंड झालं नव्हतं. बाबा यायचे, ओट्यावर बसायचे, घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायचे आणि जायचे. माया पोतंभर, पण घोटभर चहा नाही. पहिली काही वर्षं ती आग्रह करायची. पुढं तिनं विचारणंच सोडलं. ते बाटलीचं झाकण फिरवायला लागले की ती काहीतरी काम काढून आत जायची. वाईट वाटायचं, दुसरं काय.

"लाईन खान्यात येते का पिन्यात?" खुशालरावांनी गंभीरपणे विचारलं.

"दोन्हीत नाई येत."

"तुले काय मालूम!" असं म्हणून त्यांनी अकोल्याला भगवंतरावांना फोन लावला. भगवंतराव म्हणजे त्यांच्याकडं पूजा सांगणारे गुरुजी. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे निवाडा अर्ध्या गल्लीनं ऐकला.

"खुशालराव, शास्त्रात विजेचा उल्लेख नाही," भगवंतराव जरा विचार करून म्हणाले. "जे गिळता येत नाही, ते चालेल."

खुर्ची ढकलत अंगणात आणली. वायर लागली, पण चार्जरचा दिवा काही लागेना. तेवढ्यात रागिणीचा नवरा मनोज बाहेरून घरी आला. त्याचं दुकान इन्व्हर्टर-बॅटऱ्यांचंच. तो खुर्चीपाशी उकिडवा बसला आणि एकेक बूच उघडून आत टॉर्च मारून बघू लागला.

"मामाजी, कोरड्या ठाक हायेत. पानी मांगून राहिल्या."

तो आतून बॅटरीच्या पाण्याचा कॅन घेऊन आला, तसे खुशालराव लंगडत आडवे आले.

"थांबा जवाईबुवा. हे पानी कोनाच्या घरचं?"

"घरचं नाई मामाजी, दुकानातलं."

"दुकान कोनाचं?"

"मायं."

"मंग एकच झालं. बजारातून दुसऱ्याचं आना."

"बजार बंद हाय आज."

"मंग उद्या आना. मी बसतो." आणि ते खरंच ओट्यावर मांडी ठोकून बसले, गुडघा कुरकुरत होता तरी.

मनोज कॅन धरून नुसताच उभा राहिला. मग रागिणीनंच त्याच्या हातातून कॅन घेतला.

"बाबा, एक सांगा. बॅटरीले बी नातू पायजे का?"

बोलून रागिणी स्वतःच दचकली. अकरा वर्षं जे गिळलं, ते भर दुपारी असं तोंडातून निघेल हे तिला तरी कुठं ठाऊक होतं? डोळे भरून आले होते, पण हात थांबला नाही. मनोजनं नरसाळं धरलं आणि तिनं ओतायला सुरुवात केली. चार बॅटऱ्या, चोवीस बुचं. बुचाखालचं एकेक घर गटगट आवाज करत भरत गेलं. खुशालराव बघत राहिले. आडवे काही आले नाहीत.

शेवटचं बूच बसलं आणि चार्जरचा लाल दिवा लागला.

"किती टाइम लागन?" त्यांनी जावयाला विचारलं.

"संध्याकाळ होईन मामाजी."

"हं," एवढंच म्हणाले.

रागिणी आत गेली. तोंडावर पाणी मारलं, कणीक भिजवली, वांगी चिरायला घेतली. आपण बोललो ते बरं केलं की वाईट, तेच तिला समजेना. बाप आता कधी फाटकाशी तरी येईल की नाही, या धास्तीनं तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

खिडकीतून आवाज आला. "रागे, भाजी कायची करून राहिली व?"

सुरी थांबली. आपण नीट ऐकलं का, तेही तिला कळेना.

"वांग्याची," ती कशीबशी म्हणाली.

"मंग बेस्ट हाय. भूक लागली."

तिनं घाईघाईनं तेल तापत ठेवलं, तिखटाचा डबा उघडला आणि चमचा हातात धरून तशीच उभी राहिली. माहेरी रांधायची ती आई. बाबांना झणझणीत लागतं की बेताचं, हे तिला माहीतच नव्हतं. तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बाबा, तिखट किती टाकू तुमाले?"

खुशालराव एकदम उखडले.

"हे बी इचारतं का आता? घरी तू रोज टाकतं तेवढंच टाक! मी काय पाव्हना हाव?"