दोनशे छपन्न जागा

"दोनशे छपन्न जागा बक्कळ झाल्या, तात्या," म्हणत संयोगितानं पेटीचं झाकण उचललं.

गावच्या उपसा योजनेला तिनं कॉम्प्युटर बसवला होता. प्रत्येक शेताच्या व्हॉल्व्हला एक नंबर, आणि पेटीत अशा दोनशे छपन्न नंबरांना जागा. कॉम्प्युटर नंबर पुकारणार, त्याच शेतात पाणी जाणार. पाळ्या एकशे चाळीस. पुण्याची कंपनी याच कामाला कोट्यवधी जागांचं यंत्र गळ्यात मारत होती. दहा गुंठ्यांना ट्रॅक्टर कशाला? पोरगी हुशार, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं.

"लाव की झाकण, संयू," दारातून तिचा भाऊ धैर्यशील म्हणाला. खिशाला नवा पेन, बोटात मोटरसायकलची किल्ली गरागरा फिरत होती. "चारला इस्लामपुरात हक्कसोडीवर सही करायचीय."

वडील गेल्यावर बहिणीनं जमिनीतला वाटा भावाला सोडायचा, ही इथली रीत. तिनंही सकाळी मान डोलावली होती.

एकदा पेटी सील झाली की नंबर वाढवता येणार नव्हते.

लालासाहेब तात्या तीस वर्षं गावाचं पाणी वाटत होते. त्यांनी पाळीपत्रक पुढं सरकवलं. "मी लागलो तवा चाळीस पाळ्या हुत्या. रान तेवढंच, नदी तीच. भाऊ रान वाटून घेत गेलं, एकशे चाळीस झाल्या."

"तरी अजून एकशे सोळा शिल्लक हायत की!"

"व्हय, व्हय. ह्यात पोरी किती धरल्यास?"

संयोगितानं पत्रकावरून बोट फिरवलं. वरून खाली, पुन्हा खालून वर. बाप, पोरगा, नातू. गणित बरोबर होतं, पण अर्धं गाव त्यात धरलंच नव्हतं. आणि ती स्वतःसुद्धा. तिला लाज वाटली.

झाकण खाली ठेवून तिनं लॅपटॉप ओढला. अर्ध्या तासात जागा पासष्ट हजारांवर गेल्या.

"आगं, लय झाल्या की!" तात्या हसले.

"लागतील. नवी पाळी लिहा, तात्या. नंबर एकशे एक्केचाळीस."

"कुणाच्या नावानं?"

"माझ्या."

दारातली किल्ली फिरायची थांबली.

तात्यांनी खिसे चाचपले आणि मान वर केली. "धैर्यशील, तुझा पेन दे रं जरा."