थुंकीचं प्रात्यक्षिक

बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकाला पुंडलिक तिसऱ्यांदा बसला होता आणि याही वेळी नापास झाला तर बाप त्याला मौदा गावातल्या घरच्या पिठाच्या गिरणीत कायमचा बसवणार होता. प्रयोग सोपा होता: आयोडीननं निळ्या झालेल्या स्टार्चमध्ये आपली थुंकी टाकायची, तिच्यातलं विकर स्टार्च पचवतं आणि निळा रंग उडतो. पण भीतीनं त्याच्या तोंडाचं वाळवंट झालं होतं. "चिंच आठव गा," शेजारचा लीलाधर कुजबुजला. "आठवून राहिलो ना, नुसता घामच येऊन राहिला! तुह्यी थोडी दे ना." "माह्यी मलेच पुरत नाही!" तेवढ्यात परीक्षक पुंडलिकाच्या अंगावर धावून आले. "गाढवा, परीक्षेत गप्पा मारतोस?" ते कडाडले, तसे तोंडातून तुषार उडाले आणि परीक्षानळीतला निळा रंग किंचित फिकटला. पुंडलिकानं नळी त्यांच्या हनुवटीखाली धरली. "सर, पाया पडतो, आणखी थोडं रागवा."