मागच्या दाराची फळी

लाकडी अंगाची ती जुनी स्टेशन वॅगन उकंडरावांच्या कापसाच्या गोदामात नऊ वर्षं उभी होती. तिची पारख करायला त्यांनी धाड गावाहून गफ्फार मिस्त्रीला बोलावलं.

गफ्फारची रीत ठरलेली. फळीवर बोटानं दोनदा ठोकायचं. आवाज भरीव आला तर लाकूड शाबूत, पोकळ आला तर उधईनं खाल्लेलं. दोन्ही बाजू शाबूत निघाल्या.

मागच्या दारावर त्यानं दोनदा ठोकलं. आतून तीन ठोके आले, बारीक, पितळी.

काचेतून पाहिलं तर आत नुसती धूळ.

घरी तो असाच दोनदा ठोकायचा. शिवत बसलेली त्याची बायको खैरुन्निसा बोटातल्या पितळी अंगुस्तानानं आतून तीनदा ठोकायची, मगच कडी काढायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"काय म्हनते गाडी, मिस्त्री?" उकंडरावांनी फाटकातून विचारलं. "उद्या गिऱ्हाईक येऊन राह्यलं."

"मागून पार सडली, मालक." लाकडाबद्दल गफ्फार आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला. "कोनी घेनार नाही. राहू द्या इथंच."

उकंडराव हळहळत निघून गेले. गफ्फारनं दाराच्या हँडलवर हात ठेवला आणि पुन्हा दोनदा ठोकलं.

तीन ठोके आले. मग त्याच्या तळहाताखाली हँडल हळूहळू फिरू लागलं.